डॉक्टर व्हायचे ठरले. पण दवाखान्यातला की ऑपरेशन थिएटरातला?

मृगाचा पाऊस पडतो, राबात भाताचे बी पडते आणि साधारण त्याच सुमारास 'नीट' परीक्षेचा निकाल लागतो. ज्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय शिक्षणास पुरेसे गुण मिळतात, त्या घरात आनंदाबरोबर एक नवा घोरही शिरतो. कॉलेजांच्या पसंतीची यादी भरायची असते, दिवस थोडे असतात आणि सल्ला देणारे पुष्कळ असतात. मामा म्हणतो, मोठ्या शहरातले कॉलेज घ्या, मुलगा सर्जन होईल. शेजारी म्हणतात, जवळचे घ्या, खर्च वाचेल. मुलाला विचारावे तर तो म्हणतो, "माझे अजून नक्की ठरत नाही. गावातला डॉक्टर व्हावेसे वाटते आणि ऑपरेशने करणारा सर्जनही व्हावेसे वाटते."

मग आईवडील काळजीत पडतात. ज्याचे ठरलेलेच नाही त्याने कॉलेज निवडावे तरी कसे? आम्हांस वाटते की ही काळजी निम्मी अनाठायी आहे. सतराअठरा वर्षांच्या मुलाचे हे ठरलेले नसणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्या देशातील वैद्यकीय शिक्षणाची घडी अशी आहे की हे आज ठरवण्याची गरजही नाही. मात्र ज्याचे ठरलेले नाही त्याने कॉलेज अधिक डोळसपणे पारखले पाहिजे. ते कसे पारखावे हे या लेखात पाहू.

एकाच पदवीत दोन्ही विद्या

एम.बी.बी.एस. ही अक्षरे आपण दवाखान्याच्या पाटीवर नेहमी वाचतो. त्यांचा अर्थ असा की हा मनुष्य औषधवैद्यकाचाही पदवीधर आहे आणि शल्यचिकित्सेचाही. म्हणजे ज्या दोन वाटांमध्ये मूल अडखळले आहे, त्या दोन्ही या एकाच पदवीत बांधलेल्या आहेत.

आपल्या भागाशी जवळचा संबंध असलेला एक दाखला देतो. दादरा आणि नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होती. त्या अंमलातील वैद्यकीय विद्यालय पणजीस होते. त्याची स्थापना १८४२ ची आणि त्याचे नाव 'एश्कोला मेदिको-सिरुर्जिका', म्हणजे वैद्यक व शल्य यांची शाळा. १९६३ मध्ये त्याचेच गोवा मेडिकल कॉलेज झाले. औषध देणारा आणि शस्त्र चालवणारा हे एकाच शाळेत शिकलेले असावेत, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. पुढे १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात सांगितले की देशाला एका प्रकारचा 'मूलभूत डॉक्टर' हवा, जो आजार बराही करील आणि टाळीलही. आजचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम त्याच पायावर उभा आहे.

हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो. त्यानंतर एक वर्ष सक्तीची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याला फिरून फिरून सर्व विभागांत काम करावे लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यात १२ आठवडे सामाजिक आरोग्याचे, ६ आठवडे औषधवैद्यकाचे, ६ आठवडे शल्यचिकित्सेचे आणि ७ आठवडे प्रसूती व स्त्रीरोगाचे असतात. उरलेले आठवडे बालरोग, हाडांचे आजार, डोळे, कान-नाक-घसा, तातडीचे उपचार यांत वाटलेले असतात. सर्जन व्हायचे असो वा फॅमिली डॉक्टर, पहिली साडेपाच वर्षे सर्वांना सारखीच. पुढची वाट त्यानंतरच्या 'नीट-पीजी' परीक्षेच्या वेळी फुटते.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. भाताचे रोप आधी राबात वाढते आणि मग लावणी होते. कोणत्या खाचरात कोणती मूठ जाईल हे राबात ठरत नाही. पण राबच रोगट असेल, तर पुढे कितीही चांगले खाचर मिळाले तरी पीक धरत नाही. मेडिकल कॉलेज हा राब आहे. तेव्हा आज प्रश्न विचारायचा तो "सर्जन की गावचा डॉक्टर" हा नव्हे. "या राबात रोप सशक्त होईल का, आणि दोन्ही खाचरांची वाट मोकळी राहील का" हा विचारायचा.

दोन वाटांवरचे दिवस

तरीही मुलाने दोन्ही वाटा डोळ्यांसमोर आणाव्यात, कारण सिनेमातला सर्जन आणि गोष्टीतला खेड्याचा डॉक्टर यांचा खऱ्या कामाशी संबंध थोडाच असतो.

प्राथमिक आरोग्यसेवेचे काम आपल्या शेतातूनच सुरू होते. पावसाळ्यात चिखलात लावणी करणाऱ्याला एकाएकी ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले जंतू पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. हा लेप्टोस्पायरोसिस, आणि दक्षिण गुजरातेत व आपल्या पट्ट्यात तो ओळखीचा आहे. पहिल्या दोनतीन दिवसांत संशय घेऊन साधे प्रतिजैविक दिले तर बहुतेक रोगी सुधारतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात आणि मग मोठे इस्पितळही हतबल होते. येथे जीव वाचतो तो यंत्राने नव्हे. "कालपरवा शेतात होतास का?" असा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरामुळे तो वाचतो.

सिकलसेलचेही तसेच आहे. आपल्याकडील आदिवासी कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. जुलै २०२३ मध्ये भारत सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. पण रक्त तपासून घेणे, दोन वाहक तरुणांना लग्नाआधी समजावून सांगणे, रुग्णाच्या गोळ्या चुकू न देणे ही कामे गावातला डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईच करतात. क्षय, रक्तदाब, मधुमेह, गरोदर बाईची तपासणी, लसी यांतही तीच चिकाटी लागते. या डॉक्टराला एकाच घरातल्या तीन पिढ्या ठाऊक असतात. टाळ्या कमी मिळतात, कारण जो आजार टळला तो कोणालाच दिसत नाही.

सर्जनचे काम वेगळ्या चालीचे. आपल्याकडे ओझी वाहणाऱ्यांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया होतो. ट्रॅक्टर उलटतो, कारखान्यात यंत्रात बोटे सापडतात, अपेंडिक्स फुटते, अडलेल्या बाईचे सिझेरियन करावे लागते. ते शेवटचे काम प्रसूतितज्ज्ञाचे, पण हत्यार तेच. अशा वेळी निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो आणि फळ तासाभरात समोर दिसते. पण सर्जनचा निम्मा दिवस ऑपरेशन करण्यात जात नाही. कोणाचे ऑपरेशन करायचे नाही हे ठरवण्यात आणि केलेल्याची जखम रोज पाहण्यात तो जातो. शिकण्याचा काळही लांब. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे एम.एस., आणि हृदय किंवा मेंदू अशा एखाद्या अवयवाचे विशेष शिक्षण घ्यायचे तर आणखी तीन.

एक गैरसमज येथेच दूर करू. पुष्कळांना वाटते की गावचा डॉक्टर म्हणजे पुढचे शिक्षण न मिळालेला डॉक्टर. तसे नाही. फॅमिली मेडिसिन या विषयातही तीन वर्षांचे एम.डी. व डी.एन.बी. हे अभ्यासक्रम आहेत. दुसरा गैरसमज मुलींविषयी. सर्जरी हे पुरुषांचे काम, असे म्हणून मुलीला या वाटेवरून परत फिरवू नये. स्थिर हात आणि शांत डोके ही देणगी देवाने वाटताना मुलगा-मुलगी पाहिलेली नाही.

वाटा दोन, पण वैर नाही

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारी मुले बहुधा असे बोलतात की जणू सेवा करायची तर गावचा डॉक्टर आणि नाव कमवायचे तर सर्जन. ही फोड चुकीची आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील तीन उदाहरणांकडे पाहावे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की बरे करून घरी पाठवलेली माणसे तोच आजार घेऊन पुन्हा येतात, कारण आजार गावाच्या पाण्यात आणि रिकाम्या ताटात आहे. पुढे ते अमेरिकेत शिकले. रजनीकांत यांनी शल्यचिकित्सेचेही प्रशिक्षण घेतले आणि दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. १९७० मध्ये ते जामखेडला आले. तो जिल्हा आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. तेथे त्यांनी गावोगावच्या, बहुतेक अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले आणि शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. विहिरी, सकस अन्न, बाळंतपण, लसी यांपासून कामाला आरंभ झाला. पण इस्पितळ आणि ऑपरेशनची सोयही ठेवली. अडलेल्या बाईला वा हात मोडलेल्या शेतमजुराला नुसत्या उपदेशाचा उपयोग नसतो. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सर्जनचा हात आणि गावच्या डॉक्टरची नजर एका घरात, किंबहुना एका माणसात, कशी नांदू शकते याचा हा पुरावा आहे.

दुसरे डॉ. नोशिर अंतिया. मुंबईचे नामवंत प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा माणसांत आणणारे. त्यांनी १९७५ मध्ये सामूहिक आरोग्याच्या संशोधनाची संस्था काढली आणि रायगड जिल्ह्यातील मांडवा परिसरात गावच्या स्त्रियांकडून आरोग्याचे काम करून दाखवले. सर्जन असल्याने ते गावापासून दुरावले नाहीत.

तिसरे डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातील गरीब शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. नागपूरच्या सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाला आणि कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस लागला. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत. त्यांनी रात्र-रात्र रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे 'प्राझोसिन' हे औषध या विषावर कसे चालते ते दाखवून दिले. त्यांचे लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले, मृत्यू फार घटले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने जगाला शिकवावे एवढे काम तेथे असते, हे त्यांच्याकडून शिकावे.

सर्जनला गावात काम नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. आदिवासी व डोंगरी भागात सुमारे ८०,००० लोकांमागे एक सामूहिक आरोग्य केंद्र असावे आणि तेथे एक सर्जन असावा, असा आपल्या देशाचा नियम आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत अशा केंद्रांवर गरजेच्या मानाने सर्जनांची तूट सुमारे ८३ टक्के होती. २०१५ साली 'लॅन्सेट'च्या जागतिक आयोगानेही सांगितले की सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार या तीन गोष्टी पहिल्या पायरीच्या इस्पितळातच झाल्या पाहिजेत आणि प्रत्येकाला दोन तासांत मिळाल्या पाहिजेत. म्हणजे साधी शल्यचिकित्सा हीसुद्धा एका अर्थी गावाचीच सेवा आहे.

कॉलेज कसे पारखावे

बैल घेताना आपण गोठ्याचा रंग पाहत नाही. दात पाहतो, चालवून पाहतो, जोताला जुंपून पाहतो. कॉलेजही तसेच पारखावे. ज्याचे ठरलेले नाही अशा विद्यार्थ्याने पुढील सहा गोष्टी पाहाव्यात.

१. रोगी आहेत का? इमारत, वसतिगृह आणि माहितीपत्रकातील चित्रे यांवर जाऊ नये. आठवड्यातील एखाद्या साध्या दिवशी सकाळी न सांगता जावे. बाह्यरुग्ण विभागात रांग आहे का, वॉर्डातील खाटांवर खरे रोगी आहेत का, ते पाहावे. इस्पितळाबाहेरच्या रिक्षावाल्याला आणि चहावाल्याला विचारावे. रोग्यावाचून डॉक्टर घडत नाही, मग तो फिजिशियन असो की सर्जन.

२. विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळते का? शेवटच्या वर्षाच्या दोनतीन विद्यार्थ्यांना गाठावे आणि सरळ विचारावे: इंटर्नशिपमध्ये किती बाळंतपणे स्वतः केलीस? किती जखमा शिवल्यास? प्लास्टर घातलेस का? ऑपरेशनला हातमोजे घालून उभा राहिलास की दारातून पाहिलेस? फार मोठ्या नावाजलेल्या कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थी पुष्कळ असतात. तेथे इंटर्नच्या वाट्याला कधी कधी रिपोर्ट आणण्याचेच काम येते. लहान कॉलेजात हात लवकर चालू लागतो, पण अवघड शस्त्रक्रिया पाहायला मिळत नाहीत. दोन्हींचे मोल जाणून निवडावे.

३. गावाशी नाते आहे का? २०२१-२२ च्या प्रवेशापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावी असा नियम झाला आहे. काही कॉलेजांत हे मनापासून होते, काही ठिकाणी कागदावर. विद्यार्थ्याला विचारावे, "तुझ्या कुटुंबातील माणसांची नावे सांग." सांगता आली तर काम खरे आहे.

४. शिक्षक जागेवर असतात का? वॉर्डात रोग्याच्या खाटेशी उभे राहून कोण शिकवते? सर्जरीचे प्राध्यापक स्वतः फेरी घेतात का? यादीत नाव असणे आणि वॉर्डात माणूस असणे यांत फरक आहे.

५. पुढची शाखा तेथेच आहे का? ज्या कॉलेजात एम.एस. सर्जरी आणि एम.डी. मेडिसिन वा फॅमिली मेडिसिन हे दोन्ही चालतात, तेथे विद्यार्थ्याला दोन्ही आयुष्ये जवळून दिसतात. ही सक्तीची अट नव्हे, पण जमेची बाजू आहे.

६. बाँड कोणता आणि खर्च किती? याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे, कारण घरे बुडतात ती येथेच.

काही कॉलेजे, आपल्या नजरेतून

प्रथम आपल्या अंगणातले. २०१९ पर्यंत आपल्या प्रदेशात मेडिकल कॉलेज नव्हते. त्या वर्षी सेलवासला 'नमो' वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था सुरू झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिच्या वास्तूचे उद्घाटन झाले. श्री विनोबा भावे सिव्हिल इस्पितळ तिला जोडलेले आहे. दादऱ्यापासून खानवेलपर्यंतचे रोगी तेथे येतात. त्यामुळे सिकलसेल, सर्पदंश, पावसाळी ताप आणि कारखान्यातील इजा हे सारे विद्यार्थ्याला एकाच छपराखाली दिसते. ठरलेले नसणाऱ्यास ही मोठी शाळा आहे. येथील रहिवासी मुलांना स्थानिक कोट्याचाही लाभ मिळतो. कॉलेज नवे आहे, म्हणून वरील सहा प्रश्न तेथेही विचारावेत. पण केवळ "घराजवळचे म्हणजे हलके" असे समजून ते यादीत खाली ढकलू नये. रोग्याची वारली वा कोकणी बोली समजणारा विद्यार्थी तेथे पहिल्या दिवसापासून दोन पावले पुढे असतो.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे आणि शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ चे. जे.जे. आणि के.ई.एम. या त्यांच्या इस्पितळांत शस्त्रक्रियेचा पसारा अफाट आहे. सुरतचे सरकारी कॉलेजही जवळच आहे. पण ती परराज्यातील असल्याने आपल्या प्रदेशातील मुलांना तेथे बहुधा अखिल भारतीय १५ टक्के जागांतूनच शिरकाव मिळतो. गोवा मेडिकल कॉलेजचेही तसेच. गुण पाहून यादीत घालावीत, पण तेवढ्यावरच विसंबू नये.

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केली. खेड्यात काढलेले ते देशातील पहिले मेडिकल कॉलेज समजले जाते. नवे विद्यार्थी आरंभी आश्रमात राहतात, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तेथील कस्तुरबा इस्पितळात शस्त्रक्रियाही भरपूर होतात. गावाकडे ओढा आहे पण सर्जरी सोडवत नाही, अशा मुलाने या नावाचा जरूर विचार करावा.

आता ख्रिस्ती संस्थांची दोन नावे. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली स्त्रियांसाठी दवाखाना काढला. त्यातून वाढलेल्या कॉलेजात १९४२ मध्ये एम.बी.बी.एस.चे शिक्षण सुरू झाले आणि १९४७ पासून मुलांनाही प्रवेश मिळाला. तेथे मंडळ्या व मिशन संस्था विद्यार्थ्याला पुरस्कृत करतात आणि शिक्षणानंतर त्याने त्यांच्या इस्पितळात दोन वर्षे काम करावयाचे असते. बंगलोरचे सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने १९६३ मध्ये स्थापन केले. तेथेही ग्रामीण सेवेची परंपरा आहे. लहान मिशन इस्पितळात दोन वर्षे म्हणजे सकाळी ओपीडी, दुपारी सिझेरियन, रात्री सर्पदंश. ज्याचे ठरलेले नाही त्याला स्वतःची ओळख पटवून देणारी याहून चांगली जागा आम्हांस ठाऊक नाही. या दोन्ही ठिकाणी आता 'नीट'च्या गुणांवरच प्रवेश होतो, पण अल्पसंख्याक वा पुरस्कृत जागेसाठी चर्चची पत्रे आणि दाखले लागतात. माहितीपत्रक दरवर्षी नवे निघते. ते वाचावे, आणि पत्र मागण्यासाठी शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी धावत येऊ नये. रहिवासाचा आणि जमातीचा दाखलाही आताच काढून ठेवावा.

पैसा, बाँड आणि जमीन

आता सर्वांत कठीण विषय. सरकारी कॉलेजची फी शेतकऱ्याला झेपते. खासगी कॉलेजात ती अनेक पटींनी वाढते आणि साडेचार वर्षांत लाखांचे आकडे कोटीकडे जाऊ लागतात. मुलाचे भले व्हावे म्हणून बाप जमीन विकतो किंवा गहाण टाकतो. याचा परिणाम पैशापुरता राहत नाही. मुलाच्या निवडीवरही होतो.

ज्या मुलाच्या डोक्यावर मोठे कर्ज आहे, त्याला पाच वर्षांनी "तुला काय आवडते" असे कोणी विचारत नाही. ज्यात पैसा लवकर येईल ते त्याला करावे लागते. आरोग्य केंद्रातल्या पगारात हप्ता बसत नाही, म्हणून ती वाट बंद. एम.एस. करायचे तर कमाई आणखी तीन वर्षे लांबते, म्हणून तीही अवघड. दोन्ही दारे उघडी राहावीत म्हणून महागडे कॉलेज घेतले, आणि त्या फीनेच दोन्ही दारे बंद केली, असे होते. म्हणून आमचा स्पष्ट सल्ला असा की ठरलेले नसणाऱ्या मुलाने नाव मोठे असलेल्या पण कर्जात टाकणाऱ्या कॉलेजापेक्षा साधे, स्वस्त आणि रोग्यांनी भरलेले सरकारी कॉलेज घ्यावे. कसती जमीन विकू नये. गरज पडली तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी. पावतीशिवाय 'डोनेशन' मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये.

बाँड म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी किंवा ग्रामीण सेवा करण्याचे लेखी वचन. न केल्यास दंड. राज्याराज्यांत आणि कॉलेजागणिक त्याच्या अटी वेगळ्या आहेत. सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: सेवा किती वर्षे, कोठे, पगार किती, आणि दंड किती. पाचवी गोष्ट अशी की मध्येच एम.एस. किंवा एम.डी.ला प्रवेश मिळाला तर सेवा पुढे ढकलता येते का. सर्जरीचा विचार मनात असणाऱ्यास हे कलम महत्त्वाचे. बाँडला मात्र शिक्षा समजू नये. वर्षा-दोन वर्षांचा बाँड ठरलेले नसणाऱ्याला उपकारकच ठरतो.

परदेशी कॉलेजांच्या जाहिरातीही येतात. तेथून आलेल्याला येथे परीक्षा देऊन उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यात पुष्कळजण अडकतात. शिवाय भाषा न कळल्याने रोग्याशी बोलणे होत नाही. आपल्या प्रश्नावर तो उपाय नव्हे.

मग ठरवायचे केव्हा?

इंटर्नशिपच्या अखेरीस ठरवावे. मात्र त्याची तयारी पहिल्या वर्षापासून करावी. विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक विभागातील काम संपले की तीन ओळी लिहाव्यात: आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही? कोणत्या कामाचा कंटाळा आला? कोणता रोगी रात्री आठवला? प्रेताचे विच्छेदन करताना हात रमला की रोग्याच्या घरची हकिकत ऐकताना मन रमले, हे दोन वर्षांनी वही उघडली की दिसू लागते.

पुढे आणखी प्रश्न विचारावेत. काम लगेच तडीस गेलेले पाहिल्यावर मला समाधान मिळते की एकच माणूस वीस वर्षे सांभाळण्यात? मध्यरात्री उठवले तर मी शांत राहतो का? टेबलावर रोगी दगावला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहू शकेन का? आणि ज्याच्या मधुमेहात चार वर्षे सांगूनही सुधारणा नाही त्याच्याशी पाचव्या वर्षी प्रेमाने बोलू शकेन का? पहिल्या दोन प्रश्नांपेक्षा शेवटच्या दोहोंची उत्तरे अधिक खरी असतात.

आईवडिलांनी या काळात धीर धरावा. "अजून ठरले नाही का?" असे दर सुट्टीत विचारू नये. नात्यात सर्जन आहे म्हणून सर्जरी, किंवा मुलीला लवकर उजवायचे म्हणून छोटा कोर्स, असा हट्ट धरू नये. आणि एम.बी.बी.एस. करून मूल गावच्या केंद्रात बसले तर "एवढे शिकून काय केले" असे म्हणू नये. भर पावसात अंगात ताप घेऊन आपण ज्याच्या दारी जातो, तो असाच कोणाचा तरी मुलगा वा मुलगी असते.

यादी भरण्याची खिडकी निकालानंतर थोडेच दिवस उघडी असते. तोवर वाट न पाहता, अकरावी-बारावीतल्या मुलांनी आणि पालकांनी या वर्षीच एखाद्या सकाळी सेलवासच्या सिव्हिल इस्पितळात जाऊन तासभर ओपीडीच्या बाकावर बसावे आणि तेथील इंटर्नशी बोलावे. जाताना वरचे सहा प्रश्न कागदावर उतरवून न्यावेत, आणि उत्तरेही तेथल्या तेथे लिहून आणावीत.